धक्का कुठं जातो?

(वैजापूर येथे युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'मानसिक आघात, मोठे आजार आणि आपलं शरीर'. काल रात्री एका कार्यकर्त्यानं विचारलं, 'सर, मोर्च्याचा विषय सोडून हा दवाखान्याचा विषय कशाला काढला?' मी म्हणालो, बाबा, मोर्च्याला पाय लागतात, घोषणेला छाती लागते. ते पाय न् ती छाती कशी मोडली गेली, याचा हिशेब कोण मांडणार? जळालेल्या घरांचा पंचनामा होतो. मेलेल्या माणसाचं पोस्टमॉर्टेम होतं. पण जो वाचला, ज्यानं सगळं डोळ्यांनी बघितलं, त्याच्या आत काय जळालं याचा पंचनामा या देशात कुणी केलेला नाही. तो आज आपण करायचा आहे. मी डॉक्टर नाही, शाळामास्तर आहे. जे वाचलं, डॉक्टर मित्रांना विचारून समजून घेतलं आणि घरात भोगलं, तेवढंच बोलणार.

घरापासूनच सुरुवात करतो. माझं मूळ गाव परभणीकडचं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर मराठवाड्यात आमच्या वस्त्यांवर काय कोसळलं ते तुम्ही वाचलेलं आहे. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना मारलं. गावोगावची घरं पेटवली. माणसं लेकरं काखेला मारून रातोरात शहराकडं पळाली. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. आमचं घर जळालं. घर म्हणजे काय, कुडाच्या भिंती न् वर पाचट. बापानं आम्हाला ओढ्यात लपवलं आणि स्वतः काठावर पालथा पडून जळणाऱ्या घराकडं बघत राहिला. त्याच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. म्हणून त्याचं नाव कुठल्याच जखमींच्या यादीत आलं नाही.

पण त्या रात्रीपासून बापाची झोप गेली. उसाच्या फडात पाचट पेटवलं की त्या वासानं त्याला दरदरून घाम फुटायचा. लग्नात फटाका वाजला की तो मांडव सोडून निघून जायचा. चारचौघांत हसणारा माणूस, दिवसच्या दिवस बाजेवर बसून राहायचा. कुणी म्हणालं, याला बाहेरचं लागलंय. कुणी म्हणालं, करणी केलीय. मायनं पायातले वाळे मोडले, भगताला बकरं दिलं, नारळं फोडली. बाप काही बोलला नाही. पुढं अकरा-बारा वर्षांनी एका सकाळी त्याच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय लुळा पडला. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, रक्तदाब किती वर्षं वाढलेला होता कुणास ठाऊक. तिथल्या साहेबानं एकच प्रश्न विचारला, 'दारू पितो काय?' बाप आयुष्यात दारूला शिवला नव्हता. पण १९७८ साली तुझ्या घराचं काय झालं होतं, हे काही त्याला कुणी विचारलं नाही.

आता मला सांगा, ही करणी कुणाची? मायनं ज्याच्यावर बकरं कापलं त्या देवाची नाही, न् शेजारणीची तर नाहीच नाही. करणी होतीच, पण ती करणाऱ्यांच्या हातात रॉकेलचे डबे होते.

मित्रहो, धक्का मनाला बसतो आणि शरीरात जाऊन राहतो. हे कसं घडतं ते साध्या भाषेत सांगतो. समजा अंधारात तुमच्या अंगावर कुत्रं धावून आलं. विचार करायच्या आतच शरीर तयार होतं. किडनीच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी आहेत. त्यांतून ॲड्रेनॅलिन सुटतं. काळीज धडधडतं, श्वास वाढतो, रक्त हातापायांत धावतं, साखर रक्तात उतरते. पळायला किंवा लढायला लागणारी ही सगळी रसद. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वीच हे मांडून ठेवलंय. त्यामागोमाग कॉर्टिसोल येतं, ते ही तयारी टिकवून धरतं. कुत्रं निघून गेलं की अर्ध्या-एक तासात शरीर हळूहळू जागेवर येतं. ही निसर्गाची चांगली सोय आहे.

पण कुत्रं गेलंच नाही तर? आपलं कुत्रं गावच्या वेशीतच बसलेलं आहे. घर जाळणारा रोज पाणवठ्यावर भेटतो, त्याच्याच शेतात रोजानं जायचं असतं, फौजदाराच्या ओट्यावर तोच खुर्ची टाकून बसलेला असतो. मग शरीर खाली बसतच नाही. रात्रंदिवस पहाऱ्यावर उभं राहतं. रक्तदाब चढलेला राहतो, साखर बिघडते, झोप मोडते, पोटात आग पडते, डोकं दुखतं, साधा ताप लवकर हटत नाही. हॅन्स सेल्ये नावाच्या डॉक्टरानं १९३६ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की, ताण कुठलाही असो, तो सतत राहिला तर शरीर आधी घाबरतं, मग तग धरतं, आणि शेवटी थकून मोडतं. आपल्या वस्तीत 'पन्नाशीतच म्हातारा झाला' म्हणतात ना, त्यातलं बरंचसं हे आहे. बाकीचं उपासमार, राबणूक, घाण पाणी न् चुलीचा धूर. मी सगळा दोष मनावर टाकत नाही. भूक ही भूकच असते.

व्हिएतनामच्या युद्धातून अमेरिकेचे सैनिक परतले. ते रात्री ओरडत उठायचे, आवाजाला दचकायचे, त्यांना तेच तेच दृश्य पुन्हा दिसायचं. १९८० साली तिथल्या मनोविकारतज्ज्ञांनी या आजाराला अधिकृत नाव दिलं. मराठीत आपण त्याला आघातानंतरचा तणावविकार म्हणू. आमचं घर जळालं १९७८ ला. बंदूक घेऊन दुसऱ्याच्या देशात गेलेल्याच्या आजाराला नाव मिळालं. स्वतःच्या घरात जळालेल्याच्या आजाराला आपण 'बाहेरचं' म्हणत राहिलो. लक्षणं मात्र एकच आहेत, शब्दाला शब्द लावून बघा.

बायांचं तर विचारूच नका. मायनं घर जळाल्यावर एक शब्द काढला नाही. पण दर अमावस्येला तिच्या अंगात यायचं. शिकून आल्यावर मी तिच्यावर चिडायचो, ही अंधश्रद्धा बंद कर म्हणायचो. आज मला माझीच लाज वाटते. ज्या बाईला गावासमोर रडायची मुभा नाही, नवऱ्यासमोर बोलायची सवड नाही, तिनं कुठं ओरडायचं? अंगात आलं की तिला ओरडता यायचं, आणि अख्खी वस्ती गुमान ऐकायची. भगताचा धंदा बंद झालाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण त्याच्याआधी त्या बाईला ओरडायला दुसरी जागा दिली पाहिजे, हे आपल्या चळवळीला उशिरा कळलं.

आता काळजाकडं येऊ. 'धसक्यानं गेला' असं आपली म्हातारी माणसं म्हणतात. शिकलेले हसायचे. १९९० साली जपानच्या डॉक्टरांनी एक आजार नोंदवला. जवळचं माणूस गेल्याच्या धक्क्यानं, भयानं, काही लोकांच्या, आणि त्यात उतारवयातल्या बायाच जास्त, काळजाचा डावा कप्पा अचानक फुगून ढिला पडतो. छातीत कळ येते, सगळं हार्ट ॲटॅकसारखं. पण तपासलं तर मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या. जपानी कोळी ऑक्टोपस पकडायला जे मडकं वापरतात तसा त्या काळजाचा आकार दिसतो, म्हणून आजाराला त्या मडक्याचंच नाव दिलं, ताकोत्सुबो. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात, पण काही दगावतात. म्हणजे म्हातारी खोटं बोलत नव्हती. आणि खरा हार्ट ॲटॅकसुद्धा. २००४ साली ५२ देशांतल्या रोग्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विडी-सिगारेट, साखर, रक्तदाब यांच्या पंगतीला मनावरचा ताणही बसलेला सापडला.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढं एक माणूस उभा राहिला. भैयालाल भोतमांगे. खैरलांजी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. २९ सप्टेंबर २००६ ला जमावानं त्याची बायको सुरेखा, मुलगी प्रियंका, मुलं रोशन आणि सुधीर, चौघांना ठार केलं. भैयालाल तेवढा वाचला. वाचला म्हणजे काय झालं, याचा कधी विचार केलाय? २००८ ला भंडाऱ्याच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं ती फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद केली. ॲट्रॉसिटीचा कायदा दोन्ही ठिकाणी लागला नाही. म्हणे जातीचा संबंध नाही, ही बदल्याची भावना! सर्वोच्च न्यायालयातल्या अपिलाची वाट बघत हा माणूस वर्षामागून वर्षं मोजत राहिला. सभांना जायचा, कुणी माईक दिला की तीच कहाणी परत सांगायचा, आपण टाळ्या वाजवायचो, घोषणा द्यायचो न् आपापल्या घरी जायचो. तो कुठल्या घरी जायचा? २० जानेवारी २०१७ ला नागपुरात हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला. निकाल न बघता गेला.

एका माणसाच्या काळजाबद्दल, हे अमुक धक्क्यानंच थांबलं असं कुणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि मीही सांगणार नाही. पण दहा वर्षं न्याय लांबवणं हासुद्धा एक आजार आहे, आणि तो आजार कोर्टाच्या कागदावर नाही तर फिर्यादीच्या शरीरात वाढतो, एवढं मी नक्की म्हणेन. आणखी एक बोलतो, कडू आहे. आपणही त्याला पोस्टरवर ठेवला. त्याची झोप, त्याची साखर, त्याचा रक्तदाब आपल्यापैकी कितींनी विचारला?

ही झाली एक बाजू, धक्क्यानं शरीर मोडतं ती. दुसरी बाजू उलटी आहे. शरीर मोडलं की मन मोडतं. नामदेव ढसाळ तुम्हाला कवी म्हणून, पँथरचा संस्थापक म्हणून माहीत आहे. १९८१ च्या सुमारास त्याला मायस्थेनिया ग्रेव्हिस झाला. हा आजार कुणाच्या शापानं होत नाही, न् दुःखानंही होत नाही. शरीराची जी पलटण बाहेरच्या जंतूंशी लढायला ठेवलेली असते, ती चुकून घरच्यांवरच उलटते. मेंदूचा निरोप नसेतून स्नायूपर्यंत पोचतो तिथलं दारच ती बंद करते. पापण्या गळतात, घास गिळवत नाही, बोलता बोलता आवाज बसतो, हात उचलवत नाही. थोडा आराम केला की जरा बरं, परत काम केलं की परत थकवा. जंतुसंसर्ग आणि मानसिक ताण यांनी तो आणखी उसळतो. ज्याच्या एका आरोळीनं मुंबई हादरायची त्याला स्वतःची पापणी उघडी ठेवायला गोळी घ्यावी लागत होती. दवाखान्याच्या खर्चासाठी मित्रांना पैसे उभे करावे लागले. तरी तो तीस वर्षांवर त्या आजारासोबत जगला, लिहीत राहिला, आणि १५ जानेवारी २०१४ ला कर्करोगानं गेला. त्याच्या राजकारणाशी तुमचं-माझं भांडण असेल, तो विषय वेगळा. पण 'नामदेव आळशी झाला, संपला' असं जे बोलायचे त्यांनी त्याचा आजार किती समजून घेतला होता?

आपल्या घरात तेच होतं. साखर निघाली की माणूस चिडचिडा होतो, जेवण टाकतो, गोळ्या टाकतो. आपण म्हणतो, नखरे करतोय. अरे, साखरेच्या रोग्यांत उदासीचा आजार इतरांच्या दुपटीच्या आसपास आढळतो. हार्ट ॲटॅकमधून वाचलेल्यांतही तो बराच दिसतो. आणि उदास माणूस पथ्य पाळत नाही, म्हणून साखर आणखी वाढते. एक दुसऱ्याला ओढतं. ही रहाटाची माळ आहे, मध्ये कुठंतरी हात घालून थांबवावी लागते.

आता बाबासाहेबांकडं येतो. वैजापूर तालुक्याची शीव ओलांडली की येवला. १३ ऑक्टोबर १९३५ ला तिथं त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण त्याच्या साडेचार महिने आधी, २७ मे १९३५ ला, रमाई गेली होती, हे आपण त्या घोषणेला जोडून वाचत नाही. पाच लेकरांतली चार त्यांनी आधीच पुरलेली. १९२६ ला धाकटा राजरत्न गेला तेव्हा मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपण मोडून गेल्याचं लपवलं नाही. पुढच्याच वर्षी महाडचं तळं. रमाई गेल्यावर काही काळ त्यांनी स्वतःला कोंडून घेतलं, भगवी वस्त्रं घातली, असं चरित्रकार लिहितात. पाच वर्षांनी, १९४० साली, पाकिस्तानवरचं पुस्तक त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केलं. हा माणूस रडत होता, भावांनो. उघड रडत होता, न् काम करत होता.

आणि त्यांनी अंगारा लावला नाही. मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या, रक्तदाब होता. ते डॉक्टरकडं गेले, इन्सुलिन घेतलं. त्याच दुखण्याच्या उपचारात त्यांची डॉक्टर शारदा कबीरांशी ओळख झाली, आणि १५ एप्रिल १९४८ ला लग्न. म्हणजे घटनेच्या मसुद्याचा काळ हा त्यांच्या दुखण्याचाही काळ. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा, आणि ६ डिसेंबरला सगळं संपलं. वय पासष्ट.

यातून आपण काय शिकायचं? 'बघा, बाबासाहेबांनी दुःख गिळलं, तुम्हीही गिळा' असं काही वक्ते सांगतात. साफ खोटं आहे. गिळलेलं दुःख पचत नाही. त्यांनी ते पत्रात लिहिलं, अर्पणपत्रिकेत लिहिलं, औषध घेतलं, सोबत शोधली. रडणं, बोलणं, औषध घेणं आणि लढणं, ही एकाच माणसाची चार कामं आहेत. एक केलं म्हणून दुसरं कमी होत नाही.

समोर कॉलेजची पोरं-पोरी बसलेत म्हणून हे मुद्दाम सांगतो. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉक्टर पायल तडवी गेली. आपण त्यांचे फोटो लावले, ते लावलेच पाहिजेत. पण मला भीती वाटते ती अशी, की एखाद्या होस्टेलच्या खोलीत एकटं बसलेलं पोरगं त्या फोटोकडं बघून म्हणेल, माझाही फोटो लागेल. नाही रे बाबा. आम्हाला आता फोटो नकोत. आम्हाला जिवंत पोरं पाहिजेत, नापास झालेली, चिडलेली, रडणारी, पण जिवंत.

म्हणून काही कामं सांगतो. वहीत लिहून घ्या.

कुठं अत्याचार झाला की आपण पोलीस स्टेशनला जातो, फिर्याद नोंदवतो, निवेदन देतो. यापुढं सोबत डॉक्टर न्यायचा. फक्त जखमींसाठी नाही, ज्यानं बघितलं त्याच्यासाठी, घरातल्या लेकरांसाठी. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५ अ मध्ये पीडितांच्या संरक्षणाचा, प्रवासखर्चाचा, सामाजिक-आर्थिक पुनर्वसनाचा हक्क लिहिलेला आहे. तो मागायचा, भीक म्हणून नाही.

दुसरं. पुढारी तिसऱ्या दिवशी निघून जातात. आपण दोन कार्यकर्ते सहा महिने त्या घरी जायचे. भाषण द्यायचं नाही. चहा प्यायचा, बसायचं, ऐकायचं. तीच गोष्ट दहादा सांगितली तर दहादा ऐकायची. सांगायची नसेल तर खोदून विचारायची नाही. आघात झालेली पुष्कळ माणसं सोबत, झोप आणि सुरक्षितता मिळाली की सावरतात. पण महिना उलटला तरी झोप नाही, दचकणं थांबत नाही, जेवण नाही, जगून काय करू अशी भाषा सुरू झाली, तर तज्ज्ञाकडं न्यायचंच. या आजाराला औषधं आहेत, बोलण्याचे उपचार आहेत.

तिसरं. महिन्यातून एका रविवारी बुद्धविहारात वंदनेनंतर रक्तदाब न् साखर तपासायची. यंत्र वर्गणीतून येतं. माझ्या बापाचा रक्तदाब कुणी एकदा जरी मोजला असता तर त्याचा हात कदाचित वाचला असता.

चौथं. कायदा माहीत असू द्या. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. सरकारी खर्चानं चालणाऱ्या दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच कायदा धरून चालतो. म्हणून केसच्या भीतीनं कुणाला दवाखान्यात न्यायचं टाळू नका. १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, रात्रीसुद्धा चालतो, मराठीत बोलता येतं. विहाराच्या भिंतीवर निळ्या रंगात तो लिहून टाका. राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथं. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. घाटीला जायचं तर रोटेगावहून रेल्वे नाहीतर एस.टी., रोजगार बुडवून, डबा बांधून. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात मनाचा डॉक्टर ठरल्या वारी बसलाच पाहिजे, ही मागणी आपल्या पुढच्या निवेदनात रस्ता, पाणी न् गायरानाच्या बरोबरीनं गेली पाहिजे.

आणि पाचवं, याला पैसा लागत नाही. 'कमजोर', 'येडा', 'नखरे' हे शब्द वस्तीतून हद्दपार करा. ज्यांनी घर जाळलं ते शहाणे, आणि ज्याची झोप गेली तो येडा, हा न्याय मनूचा आहे. आपला नाही.

शेवटचं सांगून थांबतो. बाप जाण्याच्या आदल्या वर्षी मी त्याच्या बाजेशेजारी बसलो होतो. पहिल्यांदा विचारलं, 'बा, त्या रात्री तुला काय वाटलं होतं?' तो लुळा हात मांडीवर घेऊन बराच वेळ गप्प राहिला. मग बोलायला लागला. वाकड्या तोंडानं, अडखळत, पहाटेपर्यंत बोलत होता. ओढा, धूर, पेटलेलं आढं, माझ्या धाकट्या बहिणीच्या तोंडावर धरलेला त्याचा हात, सगळं. बोलून झाल्यावर झोपला, न् दुसऱ्या दिवशी ऊन वर येईस्तोवर उठला नाही. माय घाबरली. मी म्हणालो, झोपू दे त्याला.

विचारायला मला वीस वर्षं लागली होती. तुम्ही आज घरी गेल्यावर विचारा.

जयभीम.